रजेवर आलेले मास्तर

पाऊस असूनही इतके लोक आलात, त्याबद्दल आधी आभार. विरारहून आगाशीला येताना आमचीही थोडी त्रेधा उडाली, पण आजच्या विषयाला हाच मोसम योग्य आहे. का ते पुढे कळेलच.

विषय ठरला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "परदेशात इंग्रजी शिकवणारे मास्तर सुट्टीला घरी येतात, यात इतिहास काय आहे? येतात, राहतात, जातात." प्रश्न रास्त आहे. स्थलांतराचा इतिहास आपण लिहितो तो जाण्याचा. कोण गेलं, कधी गेलं, किती पैसे पाठवले. मधल्या येण्याकडे कुणी फारसं बघत नाही. आमचं म्हणणं असं आहे की माणूस परदेशात नेमका कोणाच्या मर्जीवर जगतो, हे त्याच्या जाण्यापेक्षा त्याच्या रजेवरून जास्त कळतं. रजा कधी मिळते, प्रवासाचे पैसे कोण देतं, आणि रजा संपली की परत जाता येतं की नाही, हे तीन प्रश्न आज आपण धरून ठेवू.

मास्तर म्हणताना आम्ही बाईंनाही त्यात धरतो आहोत. आखाती देशांतल्या भारतीय शाळांचा मोठा भार बाईंनीच उचलला आहे.

आधी शब्दांकडे बघू. आपण 'सुट्टी' म्हणतो ती सुटण्यावरून आली. 'रजा' हा मात्र अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ संमती, राजीखुशी. म्हणजे सुट्टी आपली असते, रजा दुसऱ्याने द्यायची असते. तिसरा शब्द 'फर्लो'. कंपनी सरकारच्या गोऱ्या नोकरांना मायदेशी जायला जी लांब रजा मिळे, ती फर्लो. आज हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत उरलाय तो फक्त तुरुंगातल्या कैद्यांच्या रजेसाठी. शब्दाचा हा प्रवास गमतीचा आहे, पण त्यातलं मूळ बदललेलं नाही. फर्लोवर आलेला माणूस घरी असतो, तरी त्याची दोरी दुसरीकडे असते.

आता आगाशी. आपलं गाव आज बागायतीसाठी आणि देवळांसाठी ओळखलं जातं, पण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे जहाजबांधणीचं नावाजलेलं ठिकाण होतं. इतकं नावाजलेलं की १५३०-३१ च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते दोनदा लुटलं. म्हणजे समुद्रापलीकडे जाणं या पट्ट्याला नवं नाही. नवी आहे ती परत येण्याची सोय.

याच वसई भागातला एक माणूस घ्या. गोन्सालो गार्सिया. १५५७ च्या सुमारास वसईत जन्म, आई इथली. शिक्षण वसईतच पाद्र्यांकडे. पुढे तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, धर्मशिक्षणाचं काम केलं, मग मकावला व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात सामील झाला. १५९३ मध्ये तो पुन्हा जपानला पोचला तो दुभाषा म्हणून. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे स्पॅनिश शिष्टमंडळाचं बोलणं तो जपानीत सांगत असे. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. आज वसईत त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या प्रश्नांच्या कसोटीवर पाहिलं तर चित्र काय दिसतं? परक्या भाषेवर पोट असलेला वसईचा माणूस, ज्याच्या आयुष्यात रजा हा प्रकारच नव्हता.

उलट बाजूचं उदाहरणही याच काळातलं. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात उतरले. इथली भाषा शिकले आणि मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. १६१९ मध्ये ते गोव्यातच वारले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी घरी पत्रं पाठवली. वडिलांना लिहिलेलं आणि भावाला लिहिलेलं, अशी पत्रं अभ्यासकांना ठाऊक आहेत. म्हणजे घराची आठवण होती. जाण्याची सोय नव्हती, आणि ज्या संघात ते होते तिथे तशी अपेक्षाही नव्हती.

रजा ही गोष्ट सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आली ती आगबोटींमुळे. १८६० च्या दशकापासून मुंबईहून कराचीमार्गे आखातातल्या बंदरांना शिवत बसऱ्यापर्यंत टपालाच्या आगबोटी नियमित जाऊ लागल्या. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या या बोटी पुढे शंभरावर वर्षं चालल्या. 'द्वारका' ही या मार्गावरची शेवटची बोट १९८२ मध्ये बंद झाली. ठरलेल्या दिवशी बोट सुटते म्हटल्यावर ठरलेल्या दिवशी परत येण्याचा करार करता येतो. रजा हे मालकाच्या दयेचं नाव होतं, ते आता करारातलं कलम झालं. पण प्रवास दिवसांत मोजायचा नव्हता, आठवड्यांत मोजायचा होता. दोन महिने रजा मिळाली, तर त्यातला मोठा भाग पाण्यावरच जायचा.

आणि पाण्यावर काय होईल याची खात्री नसायची. 'दारा' नावाची याच मार्गावरची बोट. बसऱ्याच्या फेरीहून मुंबईकडे परतताना ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ तिच्यात स्फोट झाला. २३८ माणसं गेली. डेकवरून प्रवास करणारी, घराकडे निघालेली माणसं त्यात होती. पर्शियन आखातातून घरी येणं किती साधं झालं होतं आणि किती नाजूक होतं, हे या एका तारखेवरून कळतं.

आता आपण मास्तरांकडे येऊ. मराठी वाचकाला माहीत असलेली दोन नावं घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

पहिलं नाव दिलीप चित्रे. १९३८ मध्ये बडोद्याला जन्म. १९६० मध्ये त्यांचा 'कविता' हा पहिला संग्रह आला आणि त्याच वर्षी ते शिक्षक म्हणून इथियोपियाला गेले. वय बावीस. १९६३ पर्यंत तिथे होते. त्या अनुभवावर 'शिबाराणीच्या शोधात' हे पुस्तक त्यांनी लिहिलं. हे एकट्याचं साहस नव्हतं, हे लक्षात घ्या. सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण इंग्रजीतून ठेवलं होतं आणि इंग्रजीतून शिकवणारी माणसं तिथे पुरेशी नव्हती. म्हणून १९५० च्या दशकापासून भारतातून शिक्षक बोलावले गेले. सर्वांत जास्त केरळचे, पण इतर प्रांतांतलेही. भारताला स्वातंत्र्य मिळून दहा-पंधरा वर्षं झालेली, आणि साहेबाची भाषा आपला माणूस आफ्रिकेतल्या एका स्वतंत्र देशात जाऊन शिकवतोय. गणिताचा मास्तर असला तरी शिकवणं इंग्रजीतूनच. त्या अर्थाने ते सगळेच इंग्रजीचे मास्तर.

दुसरं नाव विलास सारंग. १९४२ मध्ये कारवारला जन्म, मुंबई आणि अमेरिकेतलं इंडियाना अशा दोन विद्यापीठांची डॉक्टरेट. १९७४ ते १९७९ या काळात ते इराकमध्ये बसरा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. पुढे मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख झाले, आणि नंतर कुवेतमध्येही त्यांनी शिकवलं. बसऱ्याच्या त्या वर्षांतून 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी आली, १९८३ मध्ये. एन्की हा प्राचीन सुमेरचा पाण्याचा आणि शहाणपणाचा देव, आणि त्याचं स्थान दक्षिण इराकमध्येच. कादंबरी मराठीत आहे, पण वातावरण पाळत ठेवणाऱ्या राजवटीचं आहे. वर्गात काय बोलावं, कोणासमोर बोलावं, याचा धाक असलेल्या समाजात परका मास्तर इंग्रजी साहित्य शिकवतो आहे.

या दोघांत एक साम्य आहे. दोघंही पुढे दोन्ही भाषांत लिहिणारे म्हणून ओळखले गेले. चित्र्यांनी तुकाराम इंग्रजीत नेला, आणि १९९४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार मिळाले, एक मराठी कवितेसाठी आणि एक तुकारामाच्या अनुवादासाठी. बाहेर इंग्रजी शिकवून माणूस मराठीपासून तुटतो, असं आपण सहज बोलून जातो. निदान या दोघांच्या बाबतीत तसं झालं नाही.

पण लेखक सोडा. लेखकाची पुस्तकं उरतात. ज्यांनी काही लिहिलं नाही, नुसतं शिकवलं आणि दर वर्षी किंवा दोन वर्षांनी घरी आले, त्यांचं काय? त्यांच्याकडे बघायचं तर कॅलेंडर हातात घ्यावं लागतं.

इथियोपियात शाळेचं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं. त्यांचं नवं वर्षच ११ सप्टेंबरच्या सुमारास येतं. जुलै ते सप्टेंबर तिथला मोठा पाऊस, म्हणून मोठी सुट्टी तेव्हा. इराक, कुवेत इथे उन्हाळा असह्य, म्हणून मोठी सुट्टी जून-जुलै ते ऑगस्ट. आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण त्यांचीही लांब सुट्टी जुलै-ऑगस्टचीच. देश वेगळे, हवामान वेगळं, कारणं वेगळी. पण हिशेब केला तर परदेशातल्या मास्तरांची मोठी रजा येते ती आपल्या आषाढ-श्रावणात.

आता आगाशीत बसून याचा अर्थ लावू या. आषाढात इथे काय असतं? भाताची लावणी. अर्नाळ्याच्या होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. आंबा संपलेला. लग्नसराई संपलेली. गणपती यायचे असतात, आणि सप्टेंबरमध्ये चतुर्थी आली तर मास्तर आधीच परतलेले. निर्मळची यात्रा कार्तिकात, तेव्हा ते वर्गात उभे. नाताळला आखातातल्या शाळांना थोडे दिवस मिळतात, पण तेवढ्यासाठी सगळ्या घराची तिकिटं काढणं प्रत्येकाला कुठे परवडायचं? म्हणजे घरी येण्यासारखे जे जे दिवस, ते बहुतेक चुकलेले. जो वेळ मिळाला तो भर पावसातला, रेल्वेच्या रुळांवर पाणी आणि अंगणात चिखल असतानाचा.

आणि घरातली माणसं? महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. मास्तरांची मुलं जुलैत येतात तेव्हा इथली मामे-चुलत भावंडं सकाळी दप्तर घेऊन शाळेत गेलेली. आपण लहानपणी मे महिन्यात आजोळी जायचो ती सुट्टी सगळ्यांची एकच होती, म्हणून ती सुट्टी होती. परदेशी मास्तरांच्या मुलांना घर मिळालं, पण घरातल्यांची सुट्टी मिळाली नाही. ही बारीक गोष्ट वाटते. पण एका पिढीचं गावाशी नातं का सैल झालं, याचं एक उत्तर या वेळापत्रकात आहे.

बाईंचं आणखी वेगळं. दहा महिने वर्ग सांभाळून आलेली बाई इथे उतरली की सून असते. नातेवाइकांकडे जाणं, आजारी सासू-सासऱ्यांचं राहून गेलेलं दवाखान्याचं काम, बँकेची, घराच्या कागदपत्रांची कामं, आणि पाहुण्यांचा चहा. रजा तिची, पण तिला सुट्टी कुठे होती?

सुकेळ्यांचं उदाहरण आम्हाला इथे द्यावंसं वाटतं. आगाशीचं केळं, ओलं आणि सुकं, ठाणे जिल्ह्यात उत्तम समजलं जाई, अशी नोंद १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ती सुकेळी. ऊन हवं, म्हणजे हे काम पावसाळ्यानंतरचं. जुलैत येणाऱ्या माणसाला ताजी सुकेळी मिळणार कुठून? ती आधीच करून, नीट बांधून, त्याच्यासाठी बाजूला ठेवावी लागतात. जाताना बॅगेत ती, आणि येताना तिकडून खजूर. दोन्ही उन्हात वाळलेली फळं, टिकणारी, म्हणून प्रवासाला चालणारी. घरी कुणी तरी सहा महिने आधी मास्तरांच्या रजेची तयारी सुरू केलेली असते, हे त्या पुडक्यावरून कळतं. करारातलं प्रवासभाडं मालक देतो. हा खर्च मात्र कुठल्याच करारात नसतो.

भाषेचं थोडं सांगतो. वसई पट्टा बोलींच्या बाबतीत श्रीमंत आहे. सामवेदींची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची, आगऱ्यांची, वारल्यांची बोली. ज्या घरात कादोडी किंवा वाडवळी बोलतात, तिथला मास्तर शाळेत प्रमाण मराठी शिकला, मग इंग्रजी शिकला, आणि इंग्रजीच्या जोरावर बाहेर गेला. तिथे वर्गात इंग्रजी, बाजारात मोडकी अरबी, शेजाऱ्यांशी हिंदी. घराची बोली उरली ती टेलिफोनवर आणि रजेत. वर्षाचे सहा आठवडे. एखादी बोली सहा आठवड्यांवर किती पिढ्या टिकेल? बोलणाऱ्याची टिकते. त्याच्या मुलांची समजण्यापुरती टिकते, आजी काय म्हणते ते कळतं, उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत येतं. नातवंडांपर्यंत पोचेल का, हे या सभागृहातल्या कित्येक घरांत आज ठरतं आहे. आम्ही कुणाला दोष देत नाही. इंग्रजी हे त्यांचं पोट होतं. पण रजा नुसती विश्रांतीची नव्हती, बोली पुढच्या पिढीच्या कानावर पडण्याची ती एवढीच वेळ होती, हे लक्षात ठेवायला हवं.

आता तिसरा प्रश्न. रजा संपल्यावर परत जाता येतं की नाही?

तीन तारखा सांगतो. १२ सप्टेंबर १९७४, इथियोपियात लष्कराने सम्राटाला पदच्युत केलं. २२ सप्टेंबर १९८०, इराक-इराण युद्ध सुरू झालं आणि बसरा आघाडीजवळचं शहर झालं. २ ऑगस्ट १९९०, इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. या तारखा एकत्र मांडल्या की एक गोष्ट दिसते. तिन्ही वेळा मोठी सुट्टी चालू होती किंवा नुकतीच संपत होती. इथियोपियात तर नव्या वर्षाचा दुसराच दिवस. यामागे कुणाचा हेतू नव्हता, योगायोग आहे. पण परिणाम खरा आहे. मास्तर सर्वांत जास्त संख्येने आपल्या घरी असण्याचा जो काळ, नेमका तेव्हा तिकडचा दरवाजा हलला.

कुवेतचं उदाहरण सविस्तर घेऊ, कारण ते आठवणारी माणसं आज समोर बसली असतील. २ ऑगस्ट १९९०, गुरुवार. चार दिवसांवर नारळी पौर्णिमा. शाळा बंद, रजेवरची कुटुंबं भारतात आलेली. परतीची तिकिटं काढलेली. सकाळी रेडिओवर बातमी. सुरुवातीला वाटलं, दोन-चार दिवसांत मिटेल. मिटलं नाही. इराकने कुवेत आपलाच प्रांत असल्याचं जाहीर केलं. बँकेतले पैसे अडकले, खिशातले कुवेती दिनार बदलून मिळेनात. भाड्याच्या घरातलं सामान, मुलांच्या शाळेचे दाखले, पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं तिकडे कपाटात. माणूस इथे, आणि त्याचं सगळं आयुष्य तिथे.

त्याच वेळी जे कुवेतमध्ये होते त्यांची वेगळीच परवड. सुमारे १,७०,००० भारतीय तिथे अडकले होते. वाळवंट पार करून, जॉर्डनमधल्या छावण्यांत दिवस काढून, अम्मानहून विमानांनी त्यांना मुंबईला आणलं. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दोन महिने ४८८ फेऱ्या झाल्या. मुलकी विमानांनी केलेली एवढी मोठी सुटका त्याआधी जगात झाली नव्हती. तिचा अभिमान आपण बाळगतो, आणि बाळगावाच.

पण रजेवर घरी असलेला मास्तर या गोष्टीत कुठे बसतो? त्याची सुटका करावी लागली नाही. तो विमानतळावर हार घालून उतरला नाही. त्याला बघून शेजारी म्हणाले, "नशीबवान, वेळेवर आलात." आणि तो खरंच नशीबवान होता, हे त्यालाही मान्य. त्यामुळे आपलं काय बुडालं हे सांगायची त्याला सोय राहिली नाही. जीव वाचलेल्याने पैशाचं, फर्निचरचं, दाखल्यांचं काय बोलायचं? असं हे गप्प राहिलेलं नुकसान आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. युद्धानंतर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात नुकसानभरपाई आयोग नेमला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून ही भरपाई द्यायची होती. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात कुवेत किंवा इराक सोडावं लागलेल्यांना ठरावीक रकमेचे दावे करता येत होते. आणि नुकसानीची व्याख्या करताना आयोगाने आणखी एक शब्दप्रयोग घातला. जे निघून आले त्यांच्याबरोबर, ज्यांना निघता आलं नाही ते, आणि ज्यांनी परत न जाण्याचा निर्णय घेतला ते. हे शेवटचे शब्द बघा. परत न जाण्याचा निर्णय. रजेवर असलेल्या माणसाचं नुकसान हेही नुकसान आहे, हे जिनिव्हातल्या कागदाने मान्य केलं. आपल्या ओसरीवर मात्र तो नशीबवानच राहिला.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायला हवं, की मास्तरांचं एवढं कौतुक कशाला? बांधकामावरच्या मजुराला दोन-दोन वर्षं रजा नाही, पासपोर्ट मालकाच्या ताब्यात, त्याचं काय? अगदी बरोबर. मास्तर त्याच्यापेक्षा फार बऱ्या स्थितीत होता, यात वाद नाही. पण म्हणूनच त्याची गोष्ट उपयोगाची आहे. शिकलेला, करार वाचता येणारा, दर वर्षी येऊ शकणारा माणूसही जर आपल्या रजेच्या तारखांचा मालक नव्हता, तर खालच्या पायरीवरच्याची गोष्ट काय असेल?

आणि नोंदीच्या बाबतीत मास्तर मजुराहूनही अदृश्य आहे. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली कामासाठी जाणाऱ्यांना सरकारची मंजुरी घ्यावी लागे, आणि त्या मंजुऱ्यांचे आकडे दर वर्षी निघत. पण पदवीधरांना ही मंजुरी लागत नसे. म्हणजे बी.ए., बी.एड. झालेली आपली मंडळी त्या आकड्यांत नाहीतच. किती मास्तर गेले, हे सरकारी तक्त्यावरून सांगता येत नाही. मग त्यांच्या रजा कोण मोजणार?

ती मोजदाद असेल तर तुमच्या घरात आहे. जुन्या पासपोर्टवर शिक्के असतात, येण्याचा एक आणि जाण्याचा एक. ते ओळीने लावले तर एका माणसाच्या रजांचा पूर्ण इतिहास मिळतो. कोणत्या वर्षी आले, किती दिवस राहिले, कोणत्या वर्षी आलेच नाहीत. करारपत्र असेल, त्यात प्रवासभाड्याचं कलम असेल. न वापरलेलं परतीचं तिकीट असेल. आंतरदेशीय नाही, निळी हवाई पत्रं असतील. बोलीत भरलेली कॅसेट असेल, पत्र लिहायचा कंटाळा म्हणून आजोबांनी बोलून पाठवलेली. ही कॅसेट तर सोन्यासारखी जपा, कारण त्यात तुमच्या घरची बोली चाळीस वर्षांपूर्वी जशी होती तशी आहे. घर रंगवताना, जुनं घर पाडून इमारत उभी करताना या गोष्टी पहिल्या रद्दीत जातात. विरारपासून आगाशीपर्यंत आज काय चाललंय ते तुम्ही बघताच आहात.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. ट्रंक रिकामी करण्याआधी एकदा त्यातले शिक्के वाचा, आणि घरात कुणी परदेशी शिकवून आलेलं असेल तर त्यांच्याजवळ बसा. आपण रजेवर आलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारतो: "कधी आलात?" आणि लगेच, "परत कधी?" या दोन्हींच्या मधलं आपण विचारतच नाही. ते विचारा. कोणत्या साली येता आलं नाही, का नाही, आणि त्या वर्षी घरी काय झालं. वडील गेले असतील, बहिणीचं लग्न झालं असेल. ती उत्तरं लिहून ठेवा, तारखेसकट. बोलीत सांगितली तर बोलीतच लिहा.

बाहेर पाऊस कमी झालेला दिसतोय. ज्यांना विरारची गाडी धरायची आहे त्यांनी निघावं, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.